रणगाड्याच्या पाठीवरचा पूल : एका लष्करी यंत्राची पार्श्वभूमी

पंचगंगेला पाणी चढले, की कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा बुडतो आणि पलीकडची शिवारे डोळ्यांना दिसत असूनही तिथे जाण्यासाठी लांबचा वळसा घ्यावा लागतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून रोज ये-जा करणाऱ्या आपल्या जिल्ह्याला पूल नसण्याची अडचण वेगळी सांगावी लागत नाही. सैन्याला मात्र वळसा घेण्याची मुभा नसते, कारण शत्रूने जी जागा खणून ठेवलेली असते, नेमकी तीच त्याला ओलांडायची असते, आणि तीही समोरून गोळीबार चालू असताना. या गरजेतून पूल टाकणारा चिलखती रणगाडा जन्माला आला.

रणगाडा कुठूनही जातो असा समज सर्वत्र आहे, पण तो खरा नाही. भारतीय सैन्यातील टी-72 सुमारे 41 टन वजनाचा असून पावणेतीन मीटरपेक्षा फारशी रुंद चर त्याला स्वतःहून ओलांडता येत नाही. नळी लावून तो खोल पाण्यातून जाऊ शकतो, परंतु काठ उभा किंवा बांधलेला असेल तर पलीकडे वर चढण्याचा प्रश्न उरतोच.

हे दुबळेपण पहिल्या महायुद्धातच उघडे पडले होते. जर्मनांनी हिंडेनबर्ग फळीतील खंदक मुद्दाम रुंद केले आणि ब्रिटिश रणगाडे त्यांत अडकू लागले. त्यावर 20 नोव्हेंबर 1917 रोजी कांब्रेच्या लढाईत वापरलेला उपाय साधा होता. झाडाच्या फांद्यांच्या सुमारे 75 जुड्या साखळदंडांनी आवळून पावणेदोन टनांच्या आसपास वजनाची एकेक प्रचंड मोळी तयार करण्यात आली, आणि ती रणगाड्याच्या डोक्यावर ठेवून खंदकाच्या काठावर आल्यावर आत सोडून देण्यात आली. जुड्या इतक्या घट्ट आवळायच्या, की साखळीची दोन टोके दोन रणगाड्यांना बांधून ते विरुद्ध दिशांना ओढावे लागत. उसाची मोळी आवळून बांधणाऱ्या माणसाला यातली मेहनत लगेच कळेल. मोळी मात्र एकदाच कामी येई आणि मोठ्या अंतरापुढे तिचा उपयोग संपे. 1918 मध्ये केंब्रिजचे अभियंते चार्ल्स इंग्लिस यांचा पूल रणगाड्यावर बसवून पाहण्यात आला, पण तो आघाडीवर पोहोचण्याआधीच युद्ध थांबले.

दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली यांनी सुट्या चौकटींचा पूल दिला, आणि ‘बेली पूल’ हे नाव पुढे सर्वांच्या तोंडी बसले. त्यातली प्रत्येक चौकट सहा माणसांनी उचलायची असते. हा पूल अत्यंत उपयुक्त आहे, परंतु तो जोडणारी माणसे उघड्यावर उभी असतात. म्हणून बेली पूल आणि चिलखती पूल या एकाच गोष्टीची दोन नावे आहेत असे मानणे चुकीचे ठरते. पहिला पूल काठ ताब्यात आल्यानंतर बांधतात आणि दुसऱ्याची गरज काठ ताब्यात येण्यासाठीच असते.

या दोहोंच्या मधला एक प्रयोग भारतीय सैन्याच्या इतिहासात आहे आणि तो अधिक लोकांना माहीत असायला हवा. मे 1944 मध्ये इटलीत कॅसिनोजवळ आठवी भारतीय डिव्हिजन गारी नदी ओलांडत होती. तिच्या मदतीला असलेल्या कॅनडाच्या रणगाडा दलातील कॅप्टन किंग्जमिल यांनी तयार बेली पूल दोन रणगाड्यांच्या आधारे नदीपर्यंत नेण्याची कल्पना मांडली. पुढच्या रणगाड्याचा फिरता बुरूज काढून त्यावर रूळ बसवले होते आणि मागचा रणगाडा पूल ढकलत होता. पुढचा रणगाडा सरळ नदीत उतरला, पाण्याखाली गेला आणि आधाराचा खांब झाला. त्याच्यावरून सरकत पूल पैलतीराला टेकला. तोफगोळ्यांनी पूल निकामी होण्यापूर्वी काही रणगाडे पलीकडे गेले होते आणि तिथे झुंजणाऱ्या भारतीय पायदळाला त्यांची नितांत गरज होती.

त्याच काळात ब्रिटिशांच्या चर्चिल रणगाड्यापासून ‘आर्क’ बनवण्यात आला. हा बिनबुरुजाचा रणगाडा स्वतःच खड्ड्यात उतरे आणि बाकीचे त्याच्या पाठीवरून जात. इटलीतील खोल ओढ्यांत तर एका आर्कवर दुसरा चढवावा लागला. व्हॅलेंटाइन रणगाड्यावर कात्रीसारखा उलगडणारा, सुमारे 30 फुटांचे अंतर सांधणारा पूल होता आणि तो ब्रह्मदेशातही वापरला गेला. चालकाने आत बसूनच पूल टाकावा, हे सूत्र इथून पक्के झाले.

कात्री पद्धतीत एक उणीव राहिली. उलगडताना पूल आकाशात उभा राहतो आणि दुरूनही दिसतो. म्हणून सोव्हिएत एमटीयू मालिकेत आणि 1970 च्या दशकातील जर्मन ‘बीबर’मध्ये पूल आडवाच पुढे सरकवण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

भारताच्या पश्चिम सीमेवर हा प्रश्न कायमचाच आहे, कारण पंजाबचा सपाट मुलूख कालव्यांनी आणि संरक्षणासाठी खणलेल्या चर-बांधांनी चिरलेला आहे. 1965 च्या युद्धात लाहोरसमोरचा इच्छोगिल कालवा हाच मोठा अडसर ठरला होता. पुढे विजयंता रणगाड्याच्या सांगाड्यावर ‘कार्तिक’ हा पूलवाहक आला, आणि नंतर टी-72 च्या सांगाड्यावर 20 मीटरचा पूल बसवण्यात आला. चिलखती तुकडी ज्या रणगाड्यांची असते, त्याच जातीचा पूलवाहक सोबत असला, की वेग जुळतो आणि सुटे भागही तेच चालतात. माझ्या मते या रचनेतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे.

यापुढचा टप्पा महाराष्ट्रातच, पुण्याजवळच्या दिघीतील संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत घडला. तिथे आखलेला ‘सर्वत्र’ पूल चिलखती नाही. तो टाट्रा ट्रकवरून नेतात आणि 15 मीटरचे पाच तुकडे जोडून 75 मीटरपर्यंतचे अंतर सांधतात. शेवटचे अंतर साडेनऊ मीटरहून कमी उरले, तर तिथे दिघीतच विकसित केलेला 10 मीटरचा आखूड पूल लावता येतो. त्यावर चार मीटर रुंदीचा रस्ता मिळतो. अशा 12 पुलांची पहिली खेप जुलै 2021 मध्ये सैन्यात दाखल झाली.