मेण, टेफ्लॉन, सिरॅमिक: घरी धुतल्या जाणाऱ्या गाडीच्या रंगाची राखण

नवी गाडी घेताना शोरूममध्ये सिरॅमिक, ग्राफीन, पीपीएफ (रंगावर चिकटवायची संरक्षक फिल्म) असं लांबलचक दरपत्रक पुढ्यात येतं. त्यातलं काय घ्यायचं हे ठरवायला थोडं मागे जावं लागतं, कारण यातली प्रत्येक गोष्ट त्या त्या काळच्या रंगाच्या एखाद्या दुखण्यावर औषध म्हणून आली. पुढे रंग बदलला, दुखणं बदललं, पण जुन्या औषधांची जाहिरात काही थांबली नाही.

पहिल्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवल्या जात. तेलाचा रंग आणि व्हार्निश ब्रशने लावायचं, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा लावायचं. एक गाडी रंगून बाहेर पडायला आठवडे लागत. 1923 मध्ये ड्युपॉन्टचा ड्युको हा नायट्रोसेल्युलोजचा रंग जनरल मोटर्सने ओकलंड गाड्यांवर मारला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. (आपल्याकडचे पेंटर फवाऱ्याने मारलेल्या चकचकीत रंगाला अजून ड्युको म्हणतात, ते इथूनच.) पण या रंगाला अंगची चमक फार नव्हती. ती घासून काढावी लागे आणि उन्हात काही दिवसांनी पुन्हा मंदावे. अमेरिकेत सिमोनाइझ आणि 1940 च्या दशकात शिकागोची टर्टल वॅक्स ही मेणं घरोघरी पोचली, त्यामागे ही गरज होती. या मेणांतला नावाजलेला घटक म्हणजे कार्नोबा, ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. ते साधारण 82 ते 86 अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे मेणांत चांगलंच चिवट. तरी आपल्याकडच्या उन्हात आणि साबणाच्या पाण्यात ते काही आठवडेच तग धरतं.

आपल्याकडे अँबेसेडर आणि कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात रंग आणि चमक एकाच थरात असे. पॉलिश करताना निळ्या गाडीचं फडकं निळं व्हायचं, लाल गाडीचं लाल. उडालेला रंग उजळायचा म्हणजे गॅरेजमध्ये रबिंग मारायचं. मेलेला वरचा थर खरवडला की खालचा ताजा रंग दिसे आणि मालक खूश होई. चारदोन वेळा रबिंग झालं की बॉनेटच्या धारेवर प्रायमर डोकावू लागे, तेव्हा कळायचं की चमक आली ती रंगाच्या मुद्दलातून.

1980 च्या दशकात जगभर क्लिअरकोट रुळला: खाली रंगाचा पातळ थर, वर पारदर्शक लाखेचा. मेटॅलिक रंगांबरोबर तो आपल्याकडेही आला. हा वरचा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही पातळ. ऊन तो बऱ्यापैकी सोसतो, त्यामुळे 'रंगाला मेण पाजायचं' ही गरजच संपली. आता दुखणं वेगळं आहे. गाडी उन्हात उभी करून बॉनेटवर तिरकं पाहिलं की दिव्याभोवती कोळ्याचं जाळं असावं तसे बारीक गोल ओरखडे दिसतात. ते उन्हाने पडत नाहीत, पुसण्याने पडतात. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असतं, खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 असा मोजणाऱ्या मोह्स मोजपट्टीवर 7 कठीण. सोसायटीत रोज पहाटे एकाच बादलीत बुचकळलेल्या पिवळ्या फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात, तेव्हा पहिल्या गाडीची धूळ दहावीवर घासली जाते.

मधल्या काळात टेफ्लॉन कोटिंग जोरात विकलं गेलं. टेफ्लॉन साधारण 327 अंशांना वितळतं. तव्यावर ते बसतं कारण कारखान्यात त्याला तेवढी धग दिली जाते. गाडीच्या रंगाला ती धग देताच येत नाही. शोरूममध्ये लावून मिळायचं ते व्यवहारात एक बरं पॉलिश, त्याहून अधिक काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिरॅमिकचं तसं नाही. त्यातली सिलिकॉनची संयुगं हवेतल्या ओलाव्याशी क्रिया करून क्लिअरकोटला घट्ट धरणारा काचेसारखा थर बनवतात. साबण त्याला सहजी उतरवत नाही, चिखल कमी चिकटतो, पक्ष्यांची विष्ठा धुऊन काढायला थोडी उसंत मिळते. फसगत होते ती '9एच' या आकड्यात. ही पेन्सिलीच्या कठीणपणाची चाचणी आहे: वेगवेगळ्या शिशाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने थरावर ओढून कोणती ओरखडा पाडते ते पाहायचं. मोह्सच्या 9 शी तिचा संबंध नाही. शिवाय थर जेमतेम एकदोन मायक्रॉनचा. धुळीचं फडकं त्यालाही ओरबाडतंच.

दगड आणि ओरखडे खरोखर अंगावर घेते ती पीपीएफ. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरची पाती वाळूपासून वाचवायला थ्री-एमने केलेली पॉलियुरेथेनची फिल्म ही तिची पूर्वज. आजची फिल्म 150 ते 200 मायक्रॉन जाड असते आणि किंमतही त्याच मापात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रोज जाणाऱ्याने निदान पुढच्या बंपरला आणि बॉनेटला ती लावणं समजण्यासारखं आहे.

घरी धुणाऱ्याचं गणित मात्र दोन गोष्टींवर ठरतं, कापड आणि पाणी. आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवायची, शॅम्पूची आणि खळबळायची बादली वेगळी ठेवायची, मायक्रोफायबर वापरायचं. एवढं जमत असेल तर सिरॅमिकचे पैसे वसूल होतात. रोजचं पुसणं दुसऱ्याच्या हातात असेल तर महागडं कोटिंग लावू नये. दोनतीन महिन्यांनी स्वतः मारायचा स्प्रे सीलंट (रंगावर फवारून पुसायचा संरक्षक द्रव) पुरतो, आणि पुसणाऱ्याला चांगली कापडं आपणच आणून द्यावीत.

पाण्याबद्दल कोटिंगवाले सहसा बोलत नाहीत. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असतं. सिरॅमिकवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात, दिसायला छान, पण उन्हात ते जागीच आटतात आणि प्रत्येकाचा पांढरा गोल डाग मागे राहतो. कोटिंग नसलेल्या गाडीवर पाणी पसरतं, इथे ते एकेका ठिपक्यात गोळा होतं. म्हणून बोअरचं पाणी असेल तर गाडी सावलीत धुवावी, लगेच टिपून कोरडी करावी, आणि शेवटची बादली नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची घ्यावी. ताजा डाग पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून टिपला की बहुधा निघतो. महिनाभर राहिलेला क्लिअरकोटमध्ये उतरतो आणि मग पॉलिशिंगवाल्याचं मशीनच लागतं.