समई, फ्लॅश आणि फिल्मचा रोल

इंदूरच्या जुन्या वाड्यातली गणपतीची आरती. पुढे समई, मागे विजेची माळ, लहानशा खोलीत पंधरा माणसं. इथे फिल्म कॅमेऱ्यावर फ्लॅश लावला की एकाच फ्रेममध्ये दोन उजेड येतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या बटणांचं ऐकतात. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागात, बऱ्याचदा त्याआधीच संपतो. त्यामुळे शटर किती वेळ उघडं राहिलं याने त्याला फरक पडत नाही. त्याचं माप ठरतं अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) आणि अंतर यांवर. समई आणि माळ मात्र शटर जितका वेळ उघडं तितकी उजळतात. चेहरे नीट आले पण मागे काळोख, असं होत असेल तर अ‍ॅपर्चरला हात न लावता शटर १/६० सेकंदावरून १/१५ वर आणा. आरती ओवाळणारा हात थोडा पुसट येईल. तो तसाच शोभतो.

फ्लॅश लावल्यावर शटर मंद केलेलं चालतं, त्या कॅमेऱ्याच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा जलद केलेलं नाही. पेंटॅक्स के१००० ची मर्यादा १/६०, निकॉन एफएम१० ची १/१२५. के१००० वर १/१२५ लावलंत तर फ्लॅश उडतो त्या क्षणी शटरचा दुसरा, फ्रेम झाकणारा पडदा निघालेला असतो आणि साधारण अर्धी फ्रेम काळी राहते. याशिका मॅटसारख्या, लेन्समध्येच शटर असलेल्या कॅमेऱ्यांना ही अडचण नाही. मात्र त्यांच्यावर एम आणि एक्स अशी खूण असेल तर एक्सच ठेवा. एम जुन्या बल्बांसाठी आहे. त्यावर इलेक्ट्रॉनिक फ्लॅश शटर उघडण्याआधीच उडून जातो.

अ‍ॅपर्चर काढायला गाइड नंबरला, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीच्या आकड्याला, मीटरमधल्या अंतराने भागा. आयएसओ (फिल्मची संवेदनक्षमता) १०० ला गाइड नंबर २८ आणि माणूस ३.५ मीटरवर, तर एफ/८. रोल ४०० चा असेल तर गाइड नंबर दुप्पट, म्हणजे एफ/१६. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. पुढची रांग दीड मीटरवर आणि मागची तीन मीटरवर असेल, तर दोन स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि पुढचे चेहरे पांढरे होतात. मागे सरका, किंवा डोकं वर वळणारा फ्लॅश छताकडे रोखा.

छताकडे रोखताना अंतर फ्लॅशपासून छतापर्यंत आणि तिथून माणसापर्यंत धरा, वर अ‍ॅपर्चर आणखी दोन स्टॉप उघडा. ४०० चा रोल आणि एकूण चार मीटर असेल तर ५६ भागिले ४ म्हणजे १४. दोन स्टॉप उघडून एफ/७ (आकडा लहान तितकं छिद्र मोठं), तेव्हा एफ/५.६ लावा. हे छताला पांढरा चुना असेल तर. वाड्याचं लाकडी छत बराचसा उजेड गिळतं आणि उरलेल्याला तांबूस करतं. तिथे बाजूची पांढरी भिंत बरी.

नवा फ्लॅश घेताना खोक्यावरचा गाइड नंबर ६० पाहून भुलू नका. तो बहुधा २०० मिमी झूमवर मोजलेला असतो; ३५ मिमीला ताकद पुष्कळ कमी भरते. जुन्यांत ऑटो सेन्सरवाला, म्हणजे परतलेला उजेड मोजून स्वतःच थांबणारा निवडा, आणि डोकं वर केलं तरी सेन्सर समोरच पाहतो ना, हे तपासा.

जुना घेतलात तर चार्ज करून मल्टिमीटर लावा: एक टोक फ्लॅशच्या पायाच्या (कॅमेऱ्यावर बसतो तो भाग) मधल्या बिंदूला, दुसरं कडेच्या धातूला. व्हिव्हिटार २८३ च्या काही जुन्या नगांवर २०० व्होल्टच्या वरही आकडा दिसतो. साधे यांत्रिक कॅमेरे ते सहसा सोसतात. इलेक्ट्रॉनिक शटरच्या कॅमेऱ्यावर असा फ्लॅश चढवू नका.

वर्षानुवर्षं पडून असलेल्या फ्लॅशचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) मंदावलेला असतो. सेल घाला, फ्लॅश तयार असल्याचा दिवा लागू द्या आणि काही मिनिटं न उडवता तसाच ठेवा. मग मिनिटभर थांबत थांबत पाच-दहा वेळा पूर्ण ताकदीने उडवा. चार्ज होतानाची शिट्टी वाजत राहिली आणि दिवा लागलाच नाही, किंवा फ्लॅश गरम झाला, तर सेल काढा. फ्लॅश उघडू मात्र नका: आत सुमारे ३०० व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते बराच वेळ टिकतात.