सेंट्रेलिया: आग आधी की ओहोटी आधी?

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक व्हिडिओ फिरत असतो. अमेरिकेतलं एक गाव, भेगाळलेला रस्ता, त्यातून निघणारा धूर आणि खाली ओळ: ‘१९६२ साली जमिनीखाली आग लागली आणि गाव रातोरात ओस पडलं.’ गाव खरं, आग खरी. ‘रातोरात’ मात्र साफ खोटं.

हे गाव म्हणजे पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कोलंबिया काउंटीतलं सेंट्रेलिया. राज्याच्या कायद्यानुसार ते ‘बरो’ आहे. न्यूयॉर्क शहराच्या पाच विभागांनाही बरो म्हणतात, पण त्यांचा इथे संबंध नाही. पेनसिल्व्हेनियात बरो म्हणजे स्वतःचं मंडळ आणि महापौर असलेलं छोटं गाव. सेंट्रेलियाला हा दर्जा १८६६ मध्ये मिळाला. ॲशलंड आणि माउंट कार्मेल या गावांच्या मध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर ते वसलं आहे. क्षेत्रफळ जेमतेम ०.६ चौरस किलोमीटर.

आता जनगणनेचे आकडे बघा. १८९० मध्ये २,७६१ माणसं. १९४० मध्ये २,४४९, १९५० मध्ये १,९८६, १९६० मध्ये १,४३५. म्हणजे ठिणगी पडायच्या आधीच गाव निम्म्यावर आलं होतं. कारण सरळ आहे. इथला कोळसा ॲन्थ्रासाइट जातीचा, आणि त्याचं पेनसिल्व्हेनियातलं उत्पादन १९१७ मध्ये शिखर गाठून उतरणीला लागलं होतं. घरं तापवायला तेल आणि गॅस आले, खाणी बंद पडल्या, तरुण बाहेर पडले. आग लागल्यानंतरची घट बघा: १९७० मध्ये १,१६५, १९८० मध्ये १,०१७. आधीच्या दशकांपेक्षा ती मंदच आहे. पायाखाली आग असताना लोक अठरा वर्षं तिथेच राहिले. खरा कडा कोसळला तो १९८० ते १९९० दरम्यान: १,०१७ वरून ६३.

हा कडा समजायचा तर आगीची जातकुळी बघावी लागते.

मे १९६२ मध्ये गावाच्या कचरा डेपोला लागलेली आग विझली नाही, हे बहुतेकांना मान्य आहे. ती कोणी आणि कशी लावली यावर आजही वाद आहेत. डेपो होता एका सोडून दिलेल्या उघड्या खाणीच्या खड्ड्यात, आणि खड्ड्याच्या भिंतीतून जुन्या भुयारांकडे वाट होती. ॲन्थ्रासाइटमध्ये बाष्पशील, म्हणजे तापताच वायू होऊन उडणारी द्रव्यं कमी आणि कार्बन भरपूर, त्यामुळे तो सहजी पेटत नाही. झरियाच्या किंवा चंद्रपूर-वणीच्या कोळशासारखा ढिगात पडल्या पडल्या आपोआप धुमसत नाही. पण एकदा पेटला की ज्वाळा न करता निखाऱ्यासारखा वर्षानुवर्षं जळतो.

एक किलो कार्बन पूर्ण जळायला २.६७ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे साधारण साडेनऊ घनमीटर हवा. त्यातून सुमारे ३३ मेगाजूल उष्णता सुटते. जमिनीखाली एवढी हवा येते कुठून? जुन्या खाणीतूनच. खाण कामगारांनी छत तोलायला कोळशाचे खांब सोडलेले असतात आणि मधली भुयारं रिकामी असतात. आग खांब खाते, छत कोसळतं, वर भेगा पडतात. गरम वायू हलका होऊन भेगांतून वर निघतो, आणि त्याची जागा घ्यायला खालच्या बाजूच्या भुयारांतून थंड हवा ओढली जाते. चुलीच्या धुराड्यात जे होतं तेच. फरक एवढाच की हे धुराडं आग स्वतःच खणत पुढे सरकते. ॲपलाचियन पर्वतांच्या घड्यांमुळे इथले कोळशाचे थर तिरपे आहेत, त्यामुळे खाली हवेचं तोंड आणि वर धुराचं तोंड अशी रचना आयतीच मिळते. हवा अपुरी पडली तरी आग मरत नाही. तापलेल्या कोळशावरून जाणारा कार्बन डायऑक्साइड कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो, आणि हा वासही नसलेला विषारी वायू तळघरांत शिरतो.

दुसरी भानगड उष्णतेची. खडकातून उष्णता फार हळू सरकते. एक मीटर आत शिरायला ढोबळमानाने १२ दिवस. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट, म्हणून १० मीटरला तीन वर्षांहून अधिक आणि ३० मीटरला अठ्ठावीसेक वर्षं. थंड व्हायलाही हेच गणित लागू. वीस वर्षं तापलेल्या डोंगराची हवा महिनाभर तोडली तर निखारा काळवंडेल, पण भोवतीचा खडक लालबुंदच राहील. पुन्हा फट पडली की पुन्हा आग.

म्हणून सगळे उपाय फसत गेले. पाणी ओतलं तर ते तिरप्या थरावरून खाली वाहून जातं, आणि जिथे कोळसा फार तापलेला असतो तिथे वाफेपासून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड हे दोन्ही ज्वलनशील वायू तयार होतात. भोकं पाडून राख भरली तर ती खाली बसते, छताशी फट उरते आणि हवेला तेवढी पुरते. चर खणून थर तोडायचा तर तो आगीच्या बराच पुढे आणि कोळशाच्या तळापर्यंत हवा. जवळ खणला तर आपणच हवेचं दार उघडतो. १९८३ च्या सरकारी अभ्यासात मोठ्या चराचा खर्च ६६ कोटी ३० लाख डॉलरपर्यंत जाऊ शकेल असं निघालं. त्याआधी १९८१ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलाच्या पायाखाली अंगण खचलं होतं. नात्यातल्या मुलाने त्याला वेळीच ओढून काढलं.

एक हजार माणसांसाठी ६६ कोटी, की त्यांनाच हलवायचं? अमेरिकी संसदेने १९८४ मध्ये स्थलांतरासाठी ४ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले. बहुतेकांनी मोबदला घेऊन आसपासची गावं गाठली. म्हणजे लोकसंख्येचा तो कडा आगीने नव्हे, अंदाजपत्रकाने पाडला. १९९२ मध्ये राज्याने उरलेली घरं सक्तीने संपादित केली, २००२ मध्ये टपाल खात्याने गावाचा पिन क्रमांक काढून घेतला.

‘नरकाचं दार’ म्हणून जो धूर दाखवतात तो बराचसा पाण्याची वाफ असते, म्हणून थंडीत आणि पावसानंतर जास्त दिसतो. खरा धोका न दिसणाऱ्या वायूचा आणि पोकळ जमिनीचा. डोंगरउतारावरचं युक्रेनियन कॅथलिक चर्च शाबूत आहे, त्यामागेही चमत्कार नाही. तपासणीत त्याच्या पायाखाली घट्ट खडक निघाला, कोळसा नाही.

त्यानंतरची लोकसंख्या: २००० मध्ये २१, २०१० मध्ये १०, २०२० मध्ये ५. घरं संपादित होऊनही न हललेल्या रहिवाशांना राज्याशी झालेल्या २०१३ च्या न्यायालयीन तडजोडीने हयातभर तिथे राहण्याची मुभा मिळाली. त्यानंतर घरांचा ताबा राज्याकडे जाईल. शेवटचा आकडा मात्र जरा सैल धरावा. २०२० च्या जनगणनेत कोणाची ओळख उघड होऊ नये म्हणून राज्याची एकूण लोकसंख्या सोडून खालच्या पातळीवरच्या लोकसंख्येच्या आकड्यांत मुद्दाम थोडी गणिती सरमिसळ केलेली आहे. मोठ्या शहरात ती जाणवत नाही. पाच माणसांच्या गावात एकदोन माणसांचा फरकही मोठाच ठरतो.