हँडल विकत घेण्याआधी केबल मोजा

"हँडल आणलंय, तासाभरात बसवून द्याल ना?" हे आमच्या बाइकच्या दुकानात बहुतेक शनिवारी ऐकायला मिळतं. हँडल तासाभरात बसतंही. गाडी दोन दिवस अडकते ती केबलपायी.

मूळ हँडलपेक्षा दोन-अडीच इंच उंच किंवा जास्त मागे आलेलं हँडल लावलं की क्लच केबल, एक्सिलेटर केबल, पुढच्या ब्रेकचा होस (ऑइलची नळी), स्विचच्या वायरी हे सगळंच तोकडं पडू शकतं. चाक सरळ असताना ते कळत नाही. गाडी न्यूट्रलला चालू ठेवा आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. रेस आपोआप वाढली, तर एक्सिलेटर केबल ताणली जातेय. यू-टर्नला अशी गाडी अंगावर येते. क्लच लिव्हरची २-३ मिमीची ढिलाई वळवल्यावर संपली, तर क्लच अर्धवट दबलेला राहतो आणि प्लेटा जळतात. होस ताणला, तर लांब होस मागवायचा, नवं ऑइल भरायचं आणि लाइनमधली सगळी हवा काढायची. "सध्या असंच चालवतो, नंतर बघू" म्हणणाऱ्यांना आम्ही गाडी देत नाही. काहींना राग येतो, येऊ दे.

ऑनलाइन घेताना फोटोवर जाऊ नका. चार मापं बघा: उंची, रुंदी, टोकं मागे किती येतात, आणि क्लॅम्पपाशी, म्हणजे हँडल मध्ये जिथे आवळलं जातं तिथे, जाडी. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना २२ मिमी लागते. जाड ॲल्युमिनियम हँडल मध्यभागी २८.६ मिमी असतं, ते जुन्या क्लॅम्पमध्ये जाणारच नाही. क्लिप-ऑनच्या, म्हणजे दोन्ही बाजूंना सुटे दोन हँडल असलेल्या गाडीवर एकसंध हँडल हवं असेल, तर बहुधा वरची प्लेटही बदलावी लागते.

मनगट दुखतं म्हणून आलेल्यांचं हँडल आम्ही लगेच बदलत नाही. आधी क्लॅम्प सैल करून आहे तेच थोडं फिरवतो, लिव्हर हाताच्या रेषेत खाली घेतो. कोपर किंचित वाकलेलं आणि खांदे सैल राहिले, की बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. यात आमची विक्री बुडते, पण चालायचंच. पाठीसाठी थोडीच उंची हवी असेल, तर इंचभराचा रायझर (हँडलखाली बसवायचा उंचवटा) पुरतो आणि अनेक गाड्यांना मूळ केबलही चालते.

घाटात वळायचं गणित वेगळं. डावीकडे वळताना डावी मूठ पुढे दाबली, की गाडी डावीकडे झुकते. रुंद हँडलला हा दाब कमी लागतो, म्हणून ताम्हिणीसारख्या लागोपाठच्या वळणांवर हात दमत नाहीत. पण हायवेवर वारा अंगावर आला, की तेच हँडल गाडीला नाचवतं, आणि शहरात आरसे रिक्षाला घासतात ते वेगळंच. फार उंच हँडलवर अंगाचा भार मागे जातो, पुढचं चाक हलकं होतं आणि टायरची पकड हाताला नीट कळत नाही. दिसायला भारी, वळायला आळशी. घाटात नेहमी जाणाऱ्यांना आम्ही मूळपेक्षा जरा रुंद आणि उंचीला जवळपास तेवढंच हँडल सुचवतो.

स्विचबॉक्समध्ये एक छोटी पिन असते, ती हँडलच्या भोकात बसते. नव्या हँडलला ते भोक बहुतेक नसतं. पिन घासून टाकणं सोपं, पण मग एक्सिलेटरसोबत स्विचही फिरू लागतो. आम्ही जागा मोजून भोक पाडतो; मजुरीत थोडा फरक दिसतो तो याचा.

दुकानात वेगवेगळ्या उंचीची हँडलं ठेवली आहेत. नेहमीचं जॅकेट, बूट घालून या, गाडीवर बसून बघा. मापं घ्यायचे पैसे नाहीत. जुनं हँडल आणि केबल मात्र सोबत घेऊन जा, गाडी विकताना लागतात.