पोटात गोळा येतो तेव्हा

आमच्या गल्लीतल्या एका आठ वर्षांच्या मुलीचं पोट सोमवारी सकाळी सातला दुखायला लागायचं. मंगळवारीही सातलाच. शनिवारी अर्धा दिवस शाळा, तेव्हा जरा कमी. रविवारी अजिबात नाही. सोलापूरच्या पूर्व भागात मागांच्या खडखडाटात शेजारच्या घरातलं रडणं सहसा कानावर येत नाही, हिचं यायचं.

आधी जंताचं औषध झालं, मग बाटलीतलं गुलाबी औषध, शेवटी सोनोग्राफी. सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरात जो निष्कर्ष निघतो तोच निघाला: नाटकं करते.

पोट मात्र खरंच दुखत होतं. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली यांनी १९५८ साली १००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर दहांतल्या साधारण एकाचं पोट महिनोन्‌महिने अधूनमधून दुखत होतं, आणि त्यातल्या बहुतेकांच्या पोटात बोट ठेवून दाखवावा असा आजार नव्हता. ॲपलींचा एक ठोकताळा डॉक्टर आजही वापरतात: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका शारीरिक आजाराचा संशय जास्त. म्हणून डॉक्टरांकडे आधी जायचंच. वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, वारंवार उलट्या होत असतील, ताप असेल किंवा मूल दुखण्याने रात्री झोपेतून उठत असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवा.

तपासण्या स्वच्छ आल्यावर काय उरतं? आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं. त्यांना जोडणाऱ्या व्हेगस नावाच्या चेतेतले सुमारे ८० टक्के तंतू खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. भीती वाटली की ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं रक्तात उतरतात, आतड्याकडचं रक्त स्नायूंकडे वळतं आणि आतड्याची लय बिघडते. त्यात ही चेतायंत्रणा हळवी झालेली असेल, तर एरवी जाणवणारही नाही इतका वायूचा ताण कळ म्हणून मेंदूपर्यंत पोचतो. आपल्या भाषेला हे ठाऊक असावं. परीक्षेचा पेपर हातात आला की आपल्या डोक्यात नाही, पोटात गोळा येतो.

या मुलीच्या घरी तेलुगू बोलतात. शाळा मराठी. पोट दुखतं हे ती घरी ‘कडुपु नोप्पि’ म्हणून सांगू शकत होती, शाळेत ‘पोट दुखतंय’ म्हणून. पुढच्या गल्लीतली कानडी मुलं ‘होट्टे नोवू’ म्हणतात. सोलापुरात पोटदुखीला असे तीन-चार भाषांत शब्द सापडतात. पण वर्गात उभं राहून धडा वाचताना ‘ळ’ अडखळला, मागच्या बाकावरून हसू आलं आणि कानकोंडं व्हायला झालं, हे सांगायला तिच्याकडे एकाही भाषेत शब्द नव्हता. भावना ओळखून, तिला आवर घालून, ती शब्दांत मांडणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. आठव्या वर्षी तो मदतीला येईलच असं नाही. मग पोट बोलतं.

शब्द सापडला की फरक पडतो, याला प्रयोगाचा आधार आहे. चिडलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं पाहताना त्या भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, धावपळ कमी होते, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या स्कॅनवर दिसलं. तो अभ्यास मोठ्यांवर झाला होता, पण मुलांना शब्द देण्यात तोटा काहीच नाही. वर्गात लावलेल्या हसऱ्या-रडक्या गोल चेहऱ्यांच्या तक्त्यावर माझा फारसा विश्वास नाही. हिरमुसणं, खट्टू होणं, धास्तावणं, भेदरणं, ओशाळणं या प्रत्येकाची छटा वेगळी, आणि मुलं ती लवकर पकडतात.

आता घरातल्यांचं. पोट दुखतं म्हणून शाळा बुडवली की साडेसातला कळ थांबते. शाळा टळली म्हणून मेंदूची घंटा शांत होते आणि तो शिकतो की टाळणं हाच उपाय. दुसऱ्या दिवशी घंटा अधिक जोरात वाजते. दुसरी चूक प्रेमापोटी होते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिन वॉकर यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना भरपूर पाणी पाजून पोट तडस लागेपर्यंत भरवलं. काही पालकांना सांगितलं, दुखण्याची विचारपूस करत राहा. काहींना सांगितलं, दुसऱ्या गोष्टींत रमवा. विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, रमवलेल्यांच्या निम्म्यावर आल्या. गंमत म्हणजे दुखणाईत मुलांच्या पालकांना विषय बदलण्यातच धोका वाटत होता. मुलांना मात्र बरं वाटलं होतं.

म्हणजे दुर्लक्ष करा असं नव्हे. दुखतंय हे एकदा मानायचं आणि मग दप्तर भरायला घ्यायचं. जवळच्या मोठ्या माणसाचा शांतपणा मुलाच्या शरीरात अक्षरशः उतरतो. मिनेसोटातल्या एका प्रयोगात नऊ-दहा वर्षांच्या मुलांना परीक्षकांसमोर भाषण करायचं होतं. तयारीला आई किंवा वडील सोबत असले, तर कॉर्टिसॉलची एरवी येणारी उसळी आलीच नाही. पंधरा-सोळा वर्षांच्यांवर मात्र पालकांच्या सोबतीचा तसा परिणाम दिसला नाही. दहावीच्या पोराला धीर द्यायला गेलो की ‘तू जा ना’ ऐकावं लागतं, ते उगाच नाही.

या मुलीच्या बाबतीत कोंडी फोडली आजीने. आजी घरी विड्या वळते. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, नजर हातांवर. नात शेजारी लोळत होती. समोर बसवून ‘काय झालंय सांग’ असं विचारल्यावर जे बाहेर आलं नव्हतं, ते आजीची नजर विड्यांवर असताना एका संध्याकाळी तेलुगूत आलं. आजीने त्याआधी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टही काढली होती, आणि त्या दिवशी नातीला थोडं बरं वाटलं होतं. मला त्याचं नवल वाटत नाही. पाच मिनिटं एक मोठं माणूस सगळी कामं सोडून फक्त तुझ्यासाठी उभं आहे, हे औषध मोहऱ्यांशिवायही लागू पडतं.

आई वर्गशिक्षिकेला भेटली. बाईंनी वाचन जोडीने करायला लावलं, आधी शेजारणीबरोबर हळू आवाजात, मग गटात. दुखणं एकदम गेलं नाही. आठवड्यातून पाच वेळा होतं ते दोनदा झालं, मग कधीमधी.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. झोप, जेवण, खेळ किंवा शाळा यांतलं काही दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेलं असेल, तर जाणकाराला गाठावं. मूल मरणाची भाषा करत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर त्याच दिवशी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचं दिसलं, तेव्हा ‘आमच्यातच कसं’ असं वाटून घेऊ नये. सोलापुरात सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढताना तेवढंच नाव सांगायचं. कोण काय करतं याचा घोळ मात्र होतो: मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर, ते औषध लिहू शकतात, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक औषध देत नाहीत, बोलण्यातून आणि सरावातून काम करतात. पोटदुखीसारख्या तक्रारीत बहुधा त्यांच्यापासूनच सुरुवात होते.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून एकदा सरकारी शाळांत आणि दोनदा अंगणवाड्यांत मुलं तपासतात. रांग मोठी असते, डॉक्टर डोळे-दात-वजन पाहून पुढे सरकतात. आपल्या मुलाचं काही वेगळं असेल तर तपासणीच्या आधीच बाईंना किंवा अंगणवाडीताईंना सांगून ठेवावं. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं. मुलाला मारहाण होत असेल, कोणी त्रास देत असेल, तर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८. आणि मनाच्या कुठल्याही तक्रारीसाठी टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, दिवसरात्र, फुकट.

हा शेवटचा नंबर मी त्या आजीला दिला, तिने तो नातीकडून कालनिर्णयच्या मागे लिहून घेतला. मग विचारलं, “पण तिकडं बोलायचं कुठल्या भाषेत?” भाषा निवडता येते, म्हटलं, वीसेक आहेत. “तेलुगू?” तीही आहे. आजीने सूप पुन्हा मांडीवर ओढलं.