एल-कार्नोसिन वापरणाऱ्या ग्राहकांसाठी: बाटली थंड असताना उघडू नये

पावसाळा सुरू झाला की ‘पावडरीत गाठी झाल्या आहेत, माल जुना आहे का?’ अशी विचारणा आमच्याकडे हमखास होते. बहुतेक वेळा माल ताजाच असतो. फ्रिजमधून काढलेली बाटली लगेच उघडल्याने हवेतील बाष्प थंड पावडरीवर धरलेले असते.

कार्नोसिन हे बीटा-अ‍ॅलॅनिन आणि एल-हिस्टिडिन यांचे डायपेप्टाइड (दोन अमिनो आम्लांची जोडी) असून ते प्राण्यांच्या स्नायूंत व मेंदूत नैसर्गिकरीत्या आढळते. १९०० साली रशियन रसायनशास्त्रज्ञ गुलेविच आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते मांसाच्या अर्कातून प्रथम वेगळे केले. पांढऱ्या रंगाची ही पावडर पाण्यात सहज विरघळते. तिच्यातील इमिडाझोल वलयाचा (हिस्टिडिनमधील नायट्रोजनयुक्त कड्याचा) पीकेए, म्हणजे ज्या पीएचला ते वलय अर्धे प्रोटॉन धरलेले असते तो आकडा, सुमारे ६.८ असल्यामुळे उदासीन पीएचच्या आसपास ती चांगले बफर (पीएच स्थिर ठेवणारा पदार्थ) म्हणून काम करते, तसेच तांबे व जस्त यांचे आयन धरून ठेवते. म्हणूनच द्रावणासाठी नळाचे पाणी न वापरता शुद्ध केलेले पाणी वापरावे.

रेणुभार २२६.२३ असल्याने ५० मिलिमोलरचे (लिटरमागे ५० मिलिमोल) १०० मिलिलिटर द्रावण करण्यास १.१३ ग्रॅम पावडर लागते; मात्र तिच्यात पाच टक्के पाणी शिरले असेल, तर तराजू तेवढेच वजन दाखवतो आणि द्रावण प्रत्यक्षात ४७.५ मिलिमोलरच्या आसपास भरते. मग प्रयोग पुन्हा करावा लागतो, आणि दोष आमच्या मालाला लागतो. त्यामुळे बाटली फ्रिजबाहेर काढल्यावर झाकण न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, बाहेरचा ओलावा पुसावा, कोरड्या चमच्याने हवी तेवढीच पावडर काढावी आणि झाकण लगेच घट्ट लावावे. काढलेली पावडर बाटलीत परत टाकू नये.

बर्फाशिवाय पार्सल का पाठवता, असेही विचारले जाते. घट्ट बंद बाटलीतील कोरडी पावडर प्रवासापुरती साध्या तापमानाला टिकते, उलट वितळलेल्या बर्फाचे पाणी खोक्यात साचले तर बाटलीवरील लेबलेही जातात. पोहोचल्यावर मात्र ती २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी. द्रावण शक्यतो ताजे करावे. उरलेच तर लहान भागांत गोठवावे.

पावडर विशेष घातक नाही, तरी तोलताना धूळ उडते म्हणून मास्क, हातमोजे आणि चष्मा वापरावा. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे.

सौंदर्यप्रसाधने बनवणारे ग्राहक ग्लायकेशन (साखर प्रथिनांना चिकटणे) रोखण्याच्या गुणासाठी हे घेतात. तो गुण प्रयोगशाळेतील प्रयोगांत दिसतो. त्वचेवरील परिणामाची हमी आम्ही देत नाही. हा माल खाण्यासाठी नाही, आणि डोळ्यांच्या थेंबांसाठी तर मुळीच नाही. त्यासाठी चर्चेत असते ते एन-अ‍ॅसिटिल-कार्नोसिन, जे वेगळे संयुग आहे.

उघडलेली बाटली आम्ही परत घेत नाही, कारण ती कशी हाताळली गेली हे आम्हाला तपासता येत नाही. वापर थोडा असेल, तर २५ ग्रॅमच्या एका बाटलीऐवजी ५ ग्रॅमच्या पाच घ्याव्यात. दर थोडा जास्त पडतो, पण चार बाटल्या सीलबंद राहतात. मागणी नोंदवताना तसे सांगितल्यास पाचही बाटल्या एकाच लॉटमधून (एकाच वेळी तयार झालेल्या मालातून) देतो.