उदार राजा आणि धर्मनिरपेक्ष राज्य

बडोद्यात धर्मनिरपेक्षतेचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणते, "ती आम्हाला महाराजांनी केव्हाच दिली." बडोदा संस्थानाचे राजे तिसरे सयाजीराव गायकवाड यांचे कार्य इथल्या मराठी घरांना पाठ आहे, 1906 साली संस्थानभर सक्तीचे झालेले प्राथमिक शिक्षण आणि डॉ. आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती मी पुन्हा सांगत बसत नाही. आक्षेप आहे तो या औदार्याला धर्मनिरपेक्षता म्हणण्याला. (धर्मनिरपेक्ष माणूस नास्तिकच असतो, ही समजूत तर एका वाक्यात निकालात निघते: अलिप्त राहायचे ते राज्याने, नागरिकाने खुशाल पूजा करावी किंवा नमाज पढावा.)

खरी गल्लत पुढे आहे. संस्थानाच्या 1915 च्या पुरोहित कायद्याने पौरोहित्यासाठी परीक्षा आणि परवाना आवश्यक केला. सुधारणा म्हणून तो धाडसी होता, परंतु धर्मविधी करण्यास कोण लायक, हे त्यात राज्यच ठरवत होते, आणि तसे ठरवू नये असे राजाला बजावणारी कोणतीही सत्ता संस्थानात नव्हती. राज्यघटनाही धर्मात हस्तक्षेप करू देते. कलम 25 अन्वये धर्माशी निगडित आर्थिक व्यवहारांचे नियमन करता येते, हिंदू मंदिरे सर्व जातींना खुली करता येतात. म्हणून 'राज्याने धर्माला हातच लावायचा नाही' ही व्याख्याही मला मान्य नाही. फरक असा की राज्यघटनेत हात लावणाऱ्याचेच हात बांधलेले आहेत: विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर लादता येत नाही (कलम 27), पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही (कलम 28), आणि मर्यादा ओलांडली गेली तर सामान्य नागरिक सरकारला न्यायालयात उभे करू शकतो. ही कलमे 1950 पासूनची आहेत. उद्देशिकेत 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द आला तो नंतर, 1976 साली. अर्थात, सर्वोच्च न्यायालयातील 1954 च्या शिरूर मठ खटल्यापासून एखादी प्रथा धर्माचा आवश्यक भाग आहे की नाही हे न्यायालये तपासत आली आहेत, आणि ते मला पुरोहितांच्या परीक्षेइतकेच खटकते.

1917 साली आंबेडकर याच शहरात दरबारच्या नोकरीवर आले, तेव्हा महाराजांची मर्जी त्यांच्या बाजूने होती, तरी राहायला जागा मिळाली नाही. त्या अन्यायाविरुद्ध करता येण्याजोगे होते ते एवढेच, की महाराजांकडे अर्ज करावा. हक्क म्हणून मागावे असे त्यांच्या हाती काहीच नव्हते.